गांजोउचं मीठ आणि बाओथोउची भट्टी

चोंग सूयुनने एकदा, फक्त एकदाच, कारखान्यातलं चिमूटभर मीठ सासूला दाखवायला म्हणून घरी आणलं होतं. छोट्या बाटलीत घालून, कोटाच्या आतल्या खिशात जपून. बस नदीकाठाने वळसे घेत घरापाशी आली, सूयुन चार जिने चढली आणि मोठ्या अभिमानाने तिने बाटली सासूबाईंच्या हातात ठेवली. बूच नीट बसलं नव्हतं. बाटलीच्या तळाशी फक्त पाण्याचा एक थेंब होता.

सासूबाईंनी बाटली खिडकीशी धरली, हलवून पाहिली.

"हे काय?"

"मीठ होतं, आई. निघाले तेव्हा होतं."

"बरं. म्हणजे दिवसभर राबून तू पाणी करतेस. ते तर नळालाही येतं."

पुढे कित्येक महिने सासूबाई शेजारणींना सांगत राहिल्या की आमची सूयुन पाण्याच्या कारखान्यात आहे.

खरं तर पाणी हाच सूयुनचा वैरी होता. गांजोउच्या भोवतीच्या लाल डोंगरांतल्या मातीतून निघणारी दुर्मिळ मूलद्रव्यं वेगळी करून विकणारे कारखाने गावात बरेच होते. सूयुनचा कारखाना लहान; तिथे त्यातल्याच लँथेनम या मूलद्रव्याचं ब्रोमाइड करायचे. दिसायला साधं पांढरं मीठ. पण हवा लागली की हे मीठ हवेतलं पाणी पिऊ लागायचं, आधी ओलसर, मग चिकट, मग सरळ डबकं. आणि गांजोउची हवा म्हणजे काय विचारता! वसंतात दक्षिणेचा उबदार वारा सुटला की भिंतींना घाम फुटायचा, आरसे ओले, अंथरुणं ओली, कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी. असल्या गावात असलं मीठ करायचं ही कुणाची अक्कल, असं सूयुन दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी तेच करायची.

करायची रीत तिने इतक्या वेळा केली होती की हात आपोआप चालायचे. लँथेनमची पांढरी पूड यायची, मैद्यासारखी. ती हायड्रोब्रोमिक आम्लात टाकली की सळसळत विरघळायची. त्यात थोडं सीरियम, आणि मग भरपूर अमोनियम ब्रोमाइड. पाणी आटवलं की खडे उरायचे, पण ते कोरडे नव्हेत. एकेका कणाने सात-सात घोट पाणी पोटात दडवलेलं. ते बाहेर काढणं हीच खरी मेख. घाईने तापवलंत तर पाणी एकटं जात नाही, जाताना ब्रोमीन ओढून नेतं आणि मागे ऑक्सिजन टाकून जातं. मग जे उरतं ते पाण्यात विरघळत नाही, नुसता गढूळ गाळ. म्हणून काचेच्या नळीत, हवा उपसून, अगदी सावकाश आच वाढवायची. अमोनियम ब्रोमाइड बरोबर असलं की ते पाण्याला ब्रोमीन पळवू देत नाही. शेवटी ते स्वतःही वाफ होऊन उठतं आणि नळीच्या थंड टोकाला बर्फासारखं साचतं. तळाशी उरतं ते कोरडं मीठ. ते नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत, बाहेरून आत शिरलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून बाटलीत भरायचं, झाकण घट्ट पिळायचं की झालं.

चांगलं झालं की नाही हे पाहायची परीक्षा अगदी सोपी होती. चिमूटभर मीठ शुद्ध पाण्यात टाकायचं. पाणी नितळ राहिलं तर मीठ चांगलं. जरा जरी गढुळलं तर कुठेतरी ओल लागली.

सूयुनचं पाणी नितळ असायचं.

ती तेव्हा पन्नाशीला टेकली होती. नवरा मालट्रक चालवायचा. डोंगरातल्या वळणावर अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी यालान ग्वांगजोउला नोकरीला. घरात राहिल्या दोघी, सासू आणि सून. नवरा गेल्यावर सूयुन माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही, आणि सासूबाईंनीही कधी विचारलं नाही. दोघी सकाळी एकमेकींवर खेकसायच्या, संध्याकाळी एका ताटलीतले मासे खायच्या. तसं बरं चाललं होतं.

मग बाओथोउच्या एका माणसाचा पहिला निरोप आला.

बाओथोउ शेकडो कोस उत्तरेला, गवताळ पठारावर. तिथल्या एका प्रयोगशाळेत सूयुनच्या मिठाचे स्फटिक करायचे. मीठ क्वार्ट्झच्या नळीत बंद करून उभ्या भट्टीत वितळवायचं, आणि नळी तसूतसूने खाली उतरवायची; खालच्या टोकापासून स्फटिक धरत जातो. ते काम फान शोउरन नावाचा मनुष्य करी. त्याचा निरोप सूयुनच्या फोनवर आवाजाच्या रूपात आला, आणि आवाज असा की जणू नदीच्या पल्याडून ओरडतोय.

"चोंग शीफू, मी बाओथोउचा फान. तुमचं मीठ गढूळ आहे."

शीफू म्हणजे कारागिराला मानाने मारायची हाक. पण पुढच्या वाक्यात मान कुठे होता? सूयुन तिथल्या तिथे तापली. तिने फोन तोंडाशी धरला.

"फान शीफू, इथून निघालं तेव्हा पाणी नितळ होतं. तुम्ही परीक्षेला कुठलं पाणी घेतलंत? पीत नदीचं?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "इथली हवा इतकी कोरडी आहे की ओलं फडकं दोरीवर टाकलं तर जेवणाआधी त्याचा पापड होतो. ओल आली असेल तर तुमच्या गावातून. तुम्ही लोक पोहत पोहत कामाला जाता म्हणे."

"आम्ही पोहत जाऊ नाहीतर उडत. तुमची भट्टी फुटकी असेल, ती बघा आधी."

"मला काय बोलायचं ते बोला. माझ्या भट्टीला बोललेलं मला खपत नाही."

हे असं दोन वर्षं चाललं. खेप गेली की तक्रार यायची. गढूळ मीठ नळीच्या भिंतीला चिकटतं, आणि थंड होताना स्फटिक आक्रसला की तडकतो. फानचे स्फटिक तडकत होते. एकदा तर त्याने तडकलेल्या तुकड्याचं छायाचित्रच पाठवलं, खाली काही न लिहिता. सूयुनने उलट नितळ पाण्याच्या पेल्याचं छायाचित्र पाठवलं, तेही काही न लिहिता.

सासूबाई हे सगळं ऐकायच्या. निरोप वाजवताना सूयुन फोन ओट्यावर ठेवायची, आणि सासूबाईंचे कान वयाच्या मानाने फार तिखट होते.

"हा मेला बोलत असताना मागे शीळ कोण घालतं?"

"पक्षी असेल, आई. उत्तरेकडे चंडोल पाळतात."

"चंडोल पाळतो?" सासूबाईंनी मिरच्या खुडता खुडता मान डोलावली. "म्हणजे घरात बायको नाही."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. आपलं बोलले."

पुढच्या वसंतात बाओथोउच्या साहेबांनी कळवलं की अशीच मिठाची रड राहिली तर आम्ही दुसरीकडून घेऊ. सूयुनच्या विभागप्रमुख लुओ बाईंनी तिला बोलावलं. लुओ बाई वयाने सूयुनहून लहान, पण दोघींचं चांगलं जमायचं.

"सूयुनताई, या खेपेचं मीठ तुम्ही स्वतः घेऊन जा. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पाण्यात टाकून दाखवा. नितळ निघालं तर त्याचं तोंड बंद."

"आणि गढूळ निघालं तर?"

"तर निदान कळेल तरी. कायम विमानाने पार्सल जातं, पण तुम्ही हातात घेऊन विमानात बसू शकणार नाही. परवानगी काढून देते, आगगाडीने जा."

सूयुन कधी यांगत्से नदीच्या उत्तरेला गेली नव्हती. सासूबाईंनी तिच्यासाठी पिशवी भरली: लोणच्याच्या मिरच्या, तळलेले माशांचे वडे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली सुकवलेल्या रताळ्याची बंद पाकिटं. "तिकडे मेंढराशिवाय काही खात नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि त्या चंडोलवाल्याला नीट बघून ये."

पेइचिंगला गाडी बदलून सूयुन बाओथोउला उतरली तेव्हा मिठाच्या बाटलीचा डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. फलाटावर एक उंच, जरा वाकलेला माणूस सरळ तिच्याकडे आला. कानावर टोपीचे पंख, विजारीला पुसून पुसूनही काळीच राहिलेली बोटं.

"चोंग शीफू?" आवाज इतका हलका की तिला पुढे झुकावं लागलं.

"तुम्ही फान? फोनवर तर गर्जता."

"फोन भट्टीच्या खोलीत असतो. तिथे पंप चालतो, म्हणून ओरडावं लागतं." तो जरा ओशाळला. "एरवी मी फारसा बोलतच नाही."

सूयुनने मनात म्हटलं, दोन वर्षं मला मग कुणी छळलं? पण त्याने तोवर तिची पिशवी उचलली होती. डबा मात्र मागितला नाही.

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या तिने कोट न काढता परीक्षा घ्यायला लावली. फानने काचपेटीत बाटली उघडली, चिमूट काढली, पाण्यात टाकली. पाणी नितळ. इतकं नितळ की पेला रिकामा वाटावा.

फानने पेला उचलून उजेडाशी धरला. मग म्हणाला, "या खेपेला जपून केलंत."

"दर खेपेला जपूनच करते!" सूयुनचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतून दोन डोकी डोकावली. "दर खेपेला, फान शीफू! त्याच आचेवर, त्याच नळीत, याच हातांनी!"

"तसं म्हणायचं नव्हतं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

फानने पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा पाण्यात टाकली. पुन्हा नितळ. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तुम्ही खोटं बोलत नाही, हे दिसतंय. मीही खोटं बोललो नाही. मागची सगळी मिठं इथे गढूळ निघाली, ही शपथ. चला, आधी जेवून घेऊ."

खानावळीत त्याने आंबट पेज मागवली. सूयुनने एक घास घेतला आणि सासूबाईंची पिशवी उघडली. रताळ्याचं पाकीट बाहेर काढलं तर ते चेंडूसारखं टम्म फुगलेलं.

"अगं बाई! हे सडलं की काय?"

"नाही, नाही," फान हसला. पहिल्यांदाच. "दक्षिणेकडून आलेलं प्रत्येक पाकीट इथे असं फुगतं. आमचं गाव उंचावर ना, इथली हवा विरळ. आतली हवा तुमच्या गावची, तिला बाहेर दाबून धरणारं कमी..."

तो बोलता बोलता थांबला. चमचा हवेतच.

सूयुन पाकिटाकडे बघत होती. "आणि विमानात?"

"विमानात याहून विरळ."

"माझं झाकण घट्ट असतं. पण रबरी चकती आहे, काच नाही."

"वर गेल्यावर आतला नायट्रोजन चकतीच्या कडेने बाहेर निघणार..."

"...आणि खाली उतरताना बाहेरची हवा आत शिरणार!"

दोघंही एकदम उठले. पेज तशीच राहिली. वाढणारी बाई मागून ओरडली, पण ऐकायला होतं कोण?

फानने तशाच झाकणाची रिकामी बाटली घट्ट बंद करून पाण्यात बुडवली, त्यावर काचेची घंटा ठेवली आणि पंप लावला. हवा विरळ होऊ लागली तशी झाकणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उठली. मग त्याने हवा परत आत सोडली. बाटली बाहेर काढून पुसली, हलवली. आत चमचाभर पाणी खळखळलं.

सूयुन स्टुलावर बसली. दोन वर्षांचा राग असा चमचाभर पाण्यात संपला, याचं तिला हसू येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं.

"म्हणजे माझं मीठ बिघडवलं ते तुमच्या त्या विरळ हवेने," ती म्हणाली.

"आणि तुमच्या त्या घट्ट झाकणाने," फान म्हणाला.

मग दोघंही हसत सुटले. पंप चालू होता, त्यामुळे फान फोनवरच्यासारखाच मोठ्याने हसत होता.

उपाय फानकडेच होता. मीठ बाटलीत न भरता काचेच्या नळीत भरायचं आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं; मग ना चकती, ना फट. पण ते गांजोउला कुणाला येत नव्हतं. लुओ बाईंनी फोनवर सांगितलं, शिकूनच या. शिवाय सूयुनने आणलेल्या मिठाचा स्फटिक भट्टीत उतरत होता; तो पुरा व्हायला काही आठवडे लागणार होते. ती राहिली.

काच वितळवणं तिला वाटलं तितकं सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी नळी वाकली, दुसऱ्या दिवशी भुवई जळाली. फान शेजारी उभा राहून सांगायचा, "फिरवत राहा, थांबू नका. काच थांबलेल्या हाताला ओळखते." तिच्या हातून तोंड नीट मिटलं की तो नळी उजेडाशी धरून बघायचा आणि नुसतं "हं" करायचा. सूयुनला कळायला लागलं की त्याचं "हं" म्हणजे शाबासकी.

कोरड्या हवेने तिचं नाक फुटलं, ओठ चिरले. फानने तिच्या खोलीत पाण्याची बादली आणून ठेवली आणि उशाशी ओला टॉवेल टांगायला सांगितलं. "आमच्याकडे हवेला पाणी पाजावं लागतं," तो म्हणाला. पण सूयुनला त्या हवेची गंमतही वाटायची. धुतलेले मोजे तासाभरात वाळायचे. बुटांना बुरशी नाही, भिंतींना घाम नाही. मिठाची चिमूट चुकून टेबलावर सांडली तर पळत जाऊन भरण्याइतका वेळ मिळायचा. "इथे मीठ करणं म्हणजे सुट्टीच," तिने घरी कळवलं. सासूबाईंनी उलट विचारलं, "चंडोल कसा आहे?"

चंडोल चांगला होता; एरवी भट्टीच्या खोलीतच टांगलेला. फान सुट्टीच्या दिवशी पिंजरा कापडात गुंडाळून गावातल्या मोठ्या कुरणावर न्यायचा. तिथे पक्षी पाळणारे म्हातारे जमायचे. चंडोलाला मांजराचा, कोंबडीचा, नीळकंठाचा असे सगळे आवाज यायचे. आणि मधूनच तो भट्टीची धोक्याची घंटा वाजवायचा, इतकी हुबेहूब की फान अजूनही दर वेळी दचकायचा. तिथे बसून त्याने सूयुनला सांगितलं की बायको फार वर्षांपूर्वी त्याला सोडून थिएनचिनला गेली, भांडण न करता, आणि त्याने तिला थांबवलंही नाही. "थांबवायला काय बोलतात तेच सुचलं नाही," तो म्हणाला. सूयुनने नवऱ्याच्या ट्रकबद्दल सांगितलं. त्याच्या गाण्याबद्दलही, जे ती कुणाला सांगत नसे. म्हातारे आपापले पिंजरे झाकून निघाले तरी ही दोघं गवतात बसलेलीच होती.

भट्टी थंड झाली त्या दिवशी सूयुन सकाळपासून तिथेच होती. इतकी वर्षं ती मीठ करत होती, पण त्याचं पुढे काय होतं हे तिने फक्त तडकलेल्या तुकड्यांच्या छायाचित्रात पाहिलं होतं. फानने काचपेटीत क्वार्ट्झची नळी कापली. आतून मुठीएवढा स्फटिक निघाला. शेपटीशी एक चीर होती. बाकी सगळा स्वच्छ, थंडीतल्या सकाळी पाणवठ्यावर धरलेल्या बर्फासारखा. त्यातून पलीकडे ठेवलेल्या चिमट्याचे दातसुद्धा मोजता येत होते.

फान बाजूला झाला. सूयुनने रबरी मोज्यांत हात घातले आणि स्फटिक उचलला.

"हे माझं मीठ?"

"तेच. फक्त त्याला रांगेत उभं केलंय."

मोज्यांमुळे डोळे पुसता येईनात. फानने तिच्या खिशातला रुमाल काढला आणि तिच्या गालाला लावला, काम करणारी माणसं एकमेकांच्या नाकावरचा घाम टिपतात तसा.

पुढे स्फटिक घासून, काचेच्या डबीत कायमचा बंद करून मोजणीच्या खोलीत गेला. गॅमा किरण पडला की हा स्फटिक क्षणभर निळसर चमकतो. चमक इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही, यंत्र मोजतं. पुढे तो एखाद्या इस्पितळात नाहीतर बंदरावरच्या तपासणी नाक्यावर जाणार होता. फानने तो शिशाच्या जाड पेटीत ठेवून दार लावलं. आत किरणांचं काही ठेवलेलं नव्हतं, तरी यंत्र टिकटिक करतच राहिलं.

"बिघडलं वाटतं," सूयुन म्हणाली.

"नाही. लँथेनमचा थोडासा अंश जन्मापासूनच किरण सोडतो. तुमच्या डोंगरातली माती आहे ना, तिच्याबरोबर आलेला. काढून टाकता येत नाही. आम्ही तेवढं वजा करून मोजतो."

सूयुन यंत्राजवळ सरकली. तिला ते आवडलं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

ती गांजोउला परतली. आता मीठ काचेच्या बंद नळ्यांतून जाऊ लागलं आणि बाओथोउहून तक्रार येईना. निरोप मात्र यायचेच. आज वाऱ्याने छपराचा पत्रा उडाला. आज चंडोल जेवला नाही. आज खानावळीतल्या बाईने विचारलं, पेज टाकून पळालेली ती दक्षिणेची बाई परत कधी येणार? सूयुनही सांगायची: नदीचं पाणी वाढलं, होड्यांचा पूल सोडवून काठाला लावला; यालानचा फोन होता; आजची नळी पहिल्या झटक्यात मिटली. फान उत्तर द्यायचा, "हं."

एका रविवारी सूयुन मासे घेऊन घरी आली तर सासूबाई ओट्यापाशी तिचा फोन तोंडाशी धरून उभ्या. यालानने आजीला बटण कुठलं दाबायचं ते शिकवून ठेवलं होतं.

"फान शीफू, मी सूयुनची सासू. वय काय तुमचं? दारू किती पिता? दात स्वतःचे आहेत की बसवलेले?"

"आई!" सूयुनने पिशवी टाकून दिली.

पण निरोप गेला होता. आणि उत्तर लगेच आलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "काकी, नमस्कार. अठ्ठावन्न. नववर्षाला दोन पेले. दाढा दोन बसवलेल्या, बाकी माझ्या."

"हं," सासूबाई म्हणाल्या, अगदी फानसारख्याच.

सूयुन लाजेने लाल झाली आणि माशांचे खवले काढायला बसली. सासूबाईंनी शेजारी पाट ओढला.

"तुला तो आवडतो?"

"आई, हे काय वय आहे का?"

"वय मी त्याला विचारलं, तुला नाही. आवडतो का?"

सूयुन खवले काढत राहिली. मग म्हणाली, "मी तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही."

"तू का जाशील? मासे नसलेल्या गावात मी तरी का येईन?" सासूबाईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण ती एकाच जागी घासत होती. "तो येईल. निवृत्त होतोच आहे दोन वर्षांत. तोवर तुझ्याकडे ते आवाज आहेत." मग सुरी बाजूला ठेवून, सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेला तेव्हा मला वाटलं, आता तूही जाशील. रोज सकाळी तुझ्या चपला दारात आहेत का बघायचे. किती वर्षं बघत होते तुला माहीत नाही. आता मला बघावं लागत नाही. म्हणून म्हणते."

सूयुनने ओल्या हातांनीच त्यांचा हात धरला. मग दोघींनी मासे तळले. मिरची जास्त पडली आणि दोघींचे डोळे त्यानेच पाणावले, असं दोघींनी ठरवलं.

फान आला तो दोन वर्षांनी, नेमका भिंतींना घाम फुटण्याच्या दिवसांत. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेला पिंजरा. चार जिने चढून वर आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर इतकं पाणी साचलं होतं की तो दाराऐवजी खिडकीशी बोलला. आठवडाभरात त्याच्या कातडी बुटांवर बुरशी चढली. तो दर सकाळी भिंतीवरून बोट फिरवून पाहायचा आणि मान हलवायचा.

"सूयुन," तो एकदा म्हणाला, "या हवेत तू ते मीठ कोरडं ठेवत होतीस?"

"दर खेपेला," सूयुन म्हणाली.

त्या दिवसापासून गल्लीत, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, जो भेटेल त्याला फान आपल्या हलक्या आवाजात हे सांगू लागला. लोकांना अर्धं कळायचं नाही. उत्तरेची बोली, आणि विषय असला. सासूबाई मग दुभाष्याचं काम करायच्या आणि त्यात पदरचं बरंच घालायच्या.

लग्नाची नोंद करायला तिघं मिळूनच गेली, कारण सासूबाई घरी थांबायला तयार नव्हत्या. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "या कोण?"

"मी मुलाकडची," सासूबाई म्हणाल्या.

मुलीने फानकडे पाहिलं. फानने सूयुनकडे. "हो," तो म्हणाला, "माझ्याकडच्याच."

यालान ग्वांगजोउहून सुट्टी काढून आली होती. पुलाजवळच्या खानावळीत सगळ्यांनी माशांचे वडे खाल्ले. लुओ बाई उशिरा आल्या आणि आल्या आल्या फानला म्हणाल्या की काच मिटवायला आमच्या दोन मुलींना शिकवाल का, आठवड्यातून दोन सकाळी. फान "हं" म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या वाटीत सगळ्यात मोठा वडा घातला आणि वर चमचाभर मिरची. फानचं तोंड पोळलं, कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्याने वडा संपवला.

"शिकेल," सासूबाई सूयुनला म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्यासाठी अजून एक वाटी मागवली.